रात्रीची कोकणकन्या आणि काकूंचं वाफेचं मशीन

गणपतीला अठरा दिवस उरले होते. दुपारी साडेतीनला, दुकानात शुकशुकाट असतो त्या वेळी, सूनबाईंनी काउंटरवर एक पांढरं खोकं ठेवलं. मोबाइलच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं. "ताई, हे ऑनलाइन मागवलंय. सासूबाईंना गावी न्यायचंय ना. चालेल का?"

डोंबिवलीत एकोणीस वर्षं माझं औषधांचं दुकान आहे आणि "चालेल का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर येतो. मी खोकं तसंच बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. सूनबाई जरा वैतागल्याच. मशीन बघायला आणलं तर ही बाई चिठ्ठी मागते! पण नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा फवारा करून श्वासातून देणारं मशीन, कोणता घ्यायचा हे चिठ्ठी बघूनच ठरतं. पुढे जे घडलं ते घरच्यांच्या संमतीनं, नावं वगळून लिहिते आहे.

या सासूबाई, म्हणजे काकू, वय ६६. आजार सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. विडी-सिगारेटला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. लग्नानंतरची तीस वर्षं मात्र कुडाळजवळच्या गावात चुलीपुढे गेली: पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी आणि धूर कोंडलेलं स्वयंपाकघर. अशा बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात. "सिगारेट न पिता हा आजार कसा झाला?" असं त्यांचे मुलगे मला विचारतात, तेव्हा मी चुलीचं विचारते.

काकूंना आधी रोटाहेलर, म्हणजे औषधाची पूड श्वासानं ओढायचं साधन, दिला होता. तो ओढायला छातीत जोर लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता. साधा पंप, म्हणजे फवाऱ्याचा इन्हेलर, दाबायला अंगठ्याचा संधिवात आडवा आला. म्हणून दोन वर्षांपासून घरी कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर: ड्युओलिन (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) दिवसातून तीनदा, ब्युडेकॉर्ट ०.५ (ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड) सकाळ-संध्याकाळ. चिठ्ठीच्या खाली दुसऱ्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात डोळ्यांचे थेंब होते. काचबिंदूचे. ते थेंब माझ्याच दुकानातून जातात. तरी कागद समोर येईपर्यंत या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडल्या नव्हत्या, हेही कबूल करायला हवं.

आता खोकं उघडलं. आत तळहातावर मावेल एवढं मशीन, मेश पद्धतीचं. याला लोक सरसकट "वाफेचं मशीन" म्हणतात, पण वाफेशी त्याचा काही संबंध नाही. वाफारा म्हणजे गरम पाण्याची वाफ. नेब्युलायझर औषधाच्या पाण्याचे इतके बारीक थेंब करतो की ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. साधारण एक ते पाच मायक्रॉनचा थेंब कामाचा. त्याहून मोठा असेल तर घशातच आपटतो. या घोटाळ्यामुळे मशीनमध्ये निलगिरीचं तेल घालणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं सांगितलं.

घरचं कॉम्प्रेसरचं मशीन हवेचा झोत सोडतं. कपातलं औषध त्या झोतानं वर खेचलं जातं, फुटतं आणि बारीक थेंब बाहेर पडतात. घरघर मोठी, वजन दीड किलो, २३० व्होल्टची वीज लागते, पण नेब्युलायझरचं जवळजवळ कुठलंही औषध चालतं. दुसरा प्रकार अल्ट्रासॉनिक. त्यात स्फटिकाच्या कंपनांनी औषध उडतं आणि ते गरमही होतं. तिसरा हा मेश, म्हणजे जाळीचा: एका पातळ पत्र्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं, आणि तो पत्रा थरथरवून औषध भोकांतून बाहेर ढकलायचं. आवाज जवळजवळ नाही, वजन शंभर-दोनशे ग्रॅम, बॅटरीवर चालतं. प्रवासाला हाच सोयीचा, यात वाद नाही.

खरी अडचण ब्युडेकॉर्टची. ड्युओलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, कारण औषध पूर्ण विरघळलेलं असतं. ब्युडेसोनाइड विरघळत नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून रेस्प्यूल, म्हणजे एका वेळच्या औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी, हलवून घ्यावी लागते आणि उजेडात धरली की ती दुधाळ दिसते. अल्ट्रासॉनिकमध्ये पाणी उडतं आणि औषधाचे कण कपात राहतात. त्यात हे औषध घालायचंच नाही. मेशमध्ये घालता येतं, पण मशीनच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच, आणि वापरल्यावर लगेच धुतलं तरच. नाहीतर कण भोकांत अडकून बसतात.

"हे कधीपासून वापरताय?"

"चार दिवस झाले, ताई. पहिल्या दिवशी छान धूर यायचा. आता अर्धा तास लागतो."

मी कपाचं झाकण काढून जाळी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. मधोमध, चण्याच्या डाळीएवढ्या जागेत, पांढरट साय धरली होती. दुकानातल्या स्टराइल वॉटरच्या अँप्युलमधून अडीच मिली पाणी घालून घड्याळ लावलं. सोळा मिनिटांनीही कपात पाणी होतं. साध्या पाण्याची ही गत, तर औषधाचं काय होत असेल? या मशीनची जाळी सुटीही होत नव्हती, सगळं एकसंध प्लास्टिक. माहितीपत्रकात थेंबाचा आकार दिलेला नव्हता, मिनिटाला किती मिली तेही नव्हतं. खोक्यावर लायसन्स नंबर शोधला, सापडला नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली नेब्युलायझर येतो. इथे बनवलेल्या मशीनवर उत्पादनाचा आणि बाहेरून आलेल्यावर आयातीचा लायसन्स नंबर छापलेला असायला हवा. एमएफजी/एमडी किंवा आयएमपी/एमडी अशी अक्षरं मी आधी बघते. अठराशे रुपये गेले म्हणून सूनबाई हळहळल्या. मला काळजी दुसरी होती. चार दिवस काकूंना सकाळ-संध्याकाळचं स्टेरॉइड जवळपास मिळालेलंच नव्हतं, आणि घरात कुणाला त्याची कल्पना नव्हती. हे औषध घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही आणि चुकलं तरी त्या दिवशी कळत नाही, म्हणून असं होतं.

दुसऱ्या दिवशी घरचं जुनं मशीन मागवून घेतलं. फिल्टर काळपट करडा झाला होता. दोन वर्षांत बदललाच नव्हता, आणि तो बदलतात हेही माहीत नव्हतं. नवा बसवला. मग कपात अडीच मिली पाणी घालून मशीन फुसफुसायला लागेपर्यंत चालवलं आणि उरलेलं पाणी सिरिंजमध्ये ओढलं: १.१ मिली.

"म्हणजे अर्धं औषध रोज वायाच जातं?" सूनबाईंचा चेहरा पडला.

वाया म्हणता येणार नाही. कॉम्प्रेसरच्या कपात थोडं उरतंच, रेस्प्यूलचे डोस त्या हिशेबानंच चालत आलेत. पण गणित उलट बाजूनं लक्षात ठेवायला हवं. चांगल्या मेश मशीनमध्ये शेवटी जेमतेम ०.२ मिली उरतं. तीच रेस्प्यूल, तेच औषध, आणि छातीत जास्त जातं. मशीन बदललं की डोसही बदलल्यासारखा होतो, म्हणून मशीन बदलताना डॉक्टरांना सांगायचं. हे दुकानदार सांगत नाहीत, ऑनलाइन तर कोण सांगणार!

मी एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले आणि छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. प्रवासाच्या दिवसांत ब्युडेकॉर्टऐवजी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) चालेल का? ड्युओलिन मेश मशीनवर घेतलं तर वेळा बदलायच्या का? आणि काचबिंदू असताना मास्क लावायचा का?

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा होता. ड्युओलिनमध्ये इप्राट्रोपियम नावाचं औषध असतं. मास्क सैल बसला की फवारा वर डोळ्यांत जातो. काचबिंदूच्या काही रुग्णांत त्यामुळे डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो. तोंडात धरायची नळी, म्हणजे माउथपीस, वापरली की हा धोका बराच टळतो. काकू दोन वर्षं मास्क लावत होत्या, कारण खोक्यात मास्क वर होता आणि माउथपीस पिशवीच्या तळाशी न फोडलेल्या पाकिटात. घरोघरी हेच असतं.

डॉक्टरांनी उत्तरं त्याच चिठ्ठीवर लिहिली. मास्क बंद, माउथपीस. स्टेरॉइड गावी असेपर्यंत पंपातून, स्पेसर लावून, नंतर चूळ भरायची. ड्युओलिन मेशवर चालेल, हात थरथरले किंवा छाती धडधडली तर कळवा. शिवाय धाप एकदम वाढली तर वापरायचा दुसरा पंप, किती वेळा दाबायचा तेही लिहून दिलं. ऑक्सिमीटरवर ८८ च्या खाली गेलं किंवा एक वाक्य धड बोलता येईना तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. अंगठ्याच्या दुखण्यावर उपाय साधा होता: पंप सूनबाईंनी किंवा मुलानं दाबायचा, काकूंनी फक्त स्पेसरमधून सावकाश श्वास घ्यायचा. रोटाहेलरसारखा जोर लागत नाही. दोन वर्षांत हे कुणी करून दाखवलं नव्हतं. काउंटरवर पाच मिनिटांत जमलं.

मग मशीनची निवड. तोवर ती सोपी झाली होती, कारण ब्युडेकॉर्टचा प्रश्न बाजूला गेला होता. मुलाला यूएसबीवर चार्ज होणारं हवं होतं. मला सुट्या पेन्सिल सेलवर चालणारं. गावातल्या किराणा दुकानात सेल मिळतो, हा माझा मुद्दा. त्यावर तो म्हणाला, "ताई, आमच्या वाडीतल्या दुकानात टॉर्चचे साधे सेल मिळतात, अल्कलाइन नाही." बरोबर होतं त्याचं. साधा सेल मेश मशीनला पुरत नाही, दोन-तीन वेळात मान टाकतो. शेवटी घेतलं ते आतल्या बॅटरीचं, सात हजारांच्या आसपासचं. जाळीचा भाग सुटा होतो, तो वेगळा विकत मिळतो, पत्रकात थेंबाचा आकार आणि मिनिटाचा वेग छापलेला आहे, सर्व्हिस सेंटर ठाण्यात आहे. माउथपीस खोक्यातच. मी आणखी एक बघते, बटण कसं आहे ते. रात्री अंधारात, घाबरलेल्या माणसाच्या बोटाला ते चाचपून सापडायला हवं.

मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा काकू दुकानात खुर्चीवर बसल्या होत्या. सात मिनिटांत औषध संपलं. त्यांनी माउथपीस काढून माझ्याकडे संशयानं पाहिलं. "गो, आवाज येयत नाय. मगे औषध जाता काय नाय, ता कसा कळतला?"

दोन वर्षं घरघर म्हणजे औषध, असंच मनात बसलेलं. मी त्यांना ट्यूबलाइटकडे बघून नळीतून श्वास सोडायला लावला. उजेडात धुकं दिसलं तेव्हा पटलं. संध्याकाळी मुलाचा फोन: आईचे हात थरथरतायत. फवारा जास्त पोचत असल्याचीच ती खूण. डॉक्टरांनी ड्युओलिन तीनऐवजी दोन वेळा केलं आणि थरथर थांबली. गावी जाण्याआधी बारा दिवस हाती होते म्हणून हे घरी, फोनच्या टप्प्यात झालं. नवं मशीन प्रवासाच्या आदल्या दिवशी विकत घेऊ नये असं मी सांगते, ते यासाठीच.

धुण्याचा धडा सूनबाईंना दोनदा दिला. औषध संपलं की कपात थोडं स्वच्छ पाणी घालून मिनिटभर मशीन चालवायचं, मग कप सोडवून धुवायचा, झटकून हवेवर सुकवायचा. जाळीला बोट, कापूस, इअरबड, काही लावायचं नाही. गावी विहिरीचं पाणी, म्हणून स्टराइल वॉटरच्या दहा मिलीच्या वीस अँप्युल दिल्या. इंजेक्शनसाठी वापरतात त्याच, स्वस्त असतात. शेवटचं खळखळवणं त्या पाण्यानं. सगळं एका स्टीलच्या डब्यात ठेवा म्हटलं: मशीन, माउथपीस, केबल, रेस्प्यूल त्यांच्या फॉइलच्या पाकिटातच, स्पेसर आणि दोन्ही पंप. स्पेसर डब्यात मावेना, तो साडीत गुंडाळून बॅगेत गेला.

आता रात्रीची कोकणकन्या. ठाण्याला गाडी येते मध्यरात्रीच्या सुमारास. निघायच्या गडबडीत मशीन चार्ज करायचं राहिलं होतं. मुलाचा हिशेब सरळ: डब्यात चार्जिंग पॉइंट असतोच. असतो. पण रात्री ११ ते पहाटे ५ तो बंद ठेवायचा, हा रेल्वेचा नियम. पनवेल गेल्यावर त्यानं केबल लावली, दिवा लागेना. पॉवरबँक होती, ती पोरांनी व्हिडिओ बघून संपवलेली. (घरचं कॉम्प्रेसरचं मशीन बरोबर घेतलं असतं तरी फरक पडला नसता. डब्यातल्या पॉइंटवर ११० व्होल्ट लिहिलेलं असतं. मोबाइलचा चार्जर त्यावर चालतो, २३० व्होल्टचा कॉम्प्रेसर चालत नाही.)

तीनच्या सुमारास काकूंना धाप लागली. मशीन सुरू केलं, दोन मिनिटं चाललं, लाल दिवा लुकलुकला आणि बंद. सूनबाईंनी बॅग उघडली, साडीतून स्पेसर काढला, चिठ्ठीवर लिहिलं होतं तसा पंप दाबत गेल्या. एक दाब, चार-पाच सावकाश श्वास, मग पुढचा. वीस मिनिटांत काकू उशीला टेकून बसल्या. ऑक्सिमीटरवर ८९ होतं ते ९२ वर आलं. सीओपीडीच्या माणसाला ९२ बरं आहे. ९८ च्या मागे लागायचं नसतं.

नीट जमलं तर स्पेसरमधला पंप बहुतेकांना नेब्युलायझरच्या तोडीस तोड काम देतो. ना वीज, ना बॅटरी, ना जाळी. तरी लोक स्पेसरला खेळणं समजतात आणि मशीनला औषध. दुकानात मशीन विकून मला जास्त सुटतं, तरी सांगते: प्रवासाच्या बॅगेत आधी स्पेसर, मग मशीन.

गावची हकीगत काकूंनी परत आल्यावर सांगितली. पहिल्या दिवशी मशीन चार्ज झालं ते बरं, कारण दुसऱ्या दिवशी पावसानं लाइट गेली ती सतरा तासांनी आली. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी बांधून झाली, आरत्या, कापूर, धूप. पडवीत चुलीवर मोदकांचं आधण आणि न्हाणीघरात अंघोळीच्या पाण्याची दुसरी चूल. तीस वर्षं जिनं छाती पोखरली ती चूल तिथे पेटलेलीच होती, आणि काकू तिच्याजवळ जाऊन बसायच्या. "सुनांका सारणाचा काय कळता?" मुलानं खाट माजघरातून पुढच्या ओट्यालगतच्या खोलीत हलवली, आरतीला काकूंना खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची दिली. याचा उपयोग मशीनइतकाच झाला असेल. त्या रात्री अंधारात त्यांनी मशीन स्वतः लावलं, बटण चाचपून. शेजारी नात झोपली होती, तिला जागसुद्धा आली नाही. या एका गोष्टीसाठी सात हजार वसूल, असं सूनबाई म्हणाल्या.

जानेवारीत काकू विमानानं मुलीकडे बंगळुरूला गेल्या. तिथं काही अडलं नाही. मशीन, औषधं आणि पॉवरबँक केबिनच्या पिशवीत. पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, १०० वॉट-अवरपर्यंत त्या जवळ ठेवता येतात, आणि २०,००० एमएएचची पॉवरबँक ७४ वॉट-अवरच्या आसपास भरते. चिठ्ठीची एक प्रत डब्यात होती, कुणी मागितली नाही.

घरी आता रोजचं कॉम्प्रेसरवरच चालतं, ब्युडेकॉर्टसकट, माउथपीस लावून. फिल्टर बदलल्याची तारीख मशीनच्या बुडाला मार्करनं लिहिली आहे. मेश मशीन प्रवासाला आणि लाइट गेली तर. ते वापरलं की किती मिनिटं लागली हे काकू भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहितात. सुरुवातीला ७ होतं. फेब्रुवारीअखेर ११ दिसलं, तेव्हा सूनबाई कप घेऊन आल्या. त्यांच्या मशीनच्या पत्रकात पांढरं व्हिनेगर चालतं असं लिहिलंय, म्हणून एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास, मग स्वच्छ पाण्यानं धुणं. आता ८ वर आहे. दहाच्या वर गेलं की जाळीचा नवा भाग मागवायचा, असं ठरलं आहे.